फळ्यांवरची नजर

इर्मा ताकाचला नवऱ्याला एकच वाक्य सांगायचं होतं. पुढच्या वसंतात मी बोटीवर येणार नाही. बस, एवढंच. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगची टर्की कापताना ते तिच्या जिभेवर येऊन बसलं, आणि एप्रिल उजाडला तरी तिथेच ठाण मांडून होतं.

संधी मिळाली नाही म्हणावं, तर तसंही नाही. हिवाळाभर सरोवर गोठलेलं, बोट ताडपत्रीखाली, आणि दोघं एका छपराखाली. वेंडेल तळघरात बसून मासेमारीच्या तरंगत्या फळ्यांना केशरी रंग द्यायचा. इर्मा कॉफी घेऊन जिना उतरायची, तोंड उघडायची, तेवढ्यात तो वर न बघताच म्हणायचा, "यंदा माद्या दांडग्या असणार बघ. मागे एका साली पिल्लं अमाप झाली होती ना, ती आता भरात आलीत." इर्मा "हो का," म्हणायची, कॉफी ठेवायची आणि वर यायची. माणूस इतका खुशीत असताना त्याच्या तोंडावर हे कसं फेकायचं? उद्या सांगू, म्हणून ती झोपायची. तिचे असे किती उद्या त्या जिन्यावर वाया गेले, ते तिलाच ठाऊक.

थकवा म्हणजे काय, हे तिला कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. एक थकवा झोप झाली की जातो. हा तो नव्हता. हा सकाळी तिच्या आधी उठायचा. उजवा खांदा निकामी झाल्यात जमा होता, गार पाण्याने बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या आणि त्या जूनपर्यंत भरायच्या नाहीत. पण खांदा आणि बोटं काय, ती सगळ्यांचीच जातात. आत काहीतरी विझत चाललं होतं, आणि त्याला मलम नव्हतं.

खरं म्हणजे माशांशी तिचा संबंध यायचं काही कारणच नव्हतं. ती टोलेडो शहरातल्या हंगेरियन वस्तीतली. बाप ओतकाम कारखान्यात, आई घरी शेवया करायची. ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारी सगळं गाव तळलेल्या माशावर तुटून पडायचं, तेव्हा यांच्या घरी पनीर घातलेल्या शेवया असायच्या, कारण आईला माशाचा वास सोसत नसे. पुढे वेंडेलशी लग्न झालं. तो जिप्समच्या कारखान्यात होता, तोंडावर सदा पांढरी पूड. कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा याने हाती आलेल्या पैशांतून, भाडं घेऊन लोकांना मासेमारीला न्यायला, एक जुनी बोट घेतली आणि मागच्या बाजूला मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवून टाकलं, 'इर्मा टी.' इथे बोटीला बायकोचं नाव देतात. बायकोला विचारायची पद्धत मात्र नाही.

सुरुवातीला बोटीवर लॉनी म्हणून मदतनीस होता. तो ऐन हंगामात फ्लोरिडाच्या एका पोरीमागे निघून गेला. वेंडेल घरी आला, टोपी काढून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "महिनाभर येशील का? तोवर कुणीतरी मिळेल." तो महिना अजून संपलेला नाही. त्या महिन्यात त्यांची मुलगी मार्ला शाळा शिकली, लग्न करून ॲरिझोनाला गेली, आणि आता तिथून फोनवर ओरडते, "आई, पुरे कर की गं आता!"

काम तसं दिसायला सोपं. बर्फ वितळला की वॉलआय मासे अंडी घालायला खडकांच्या उथळाकडे सरकतात. माद्या गाबोळीने गच्च भरलेल्या, पाणी हाडं गोठवणारं, गढूळ. अशा पाण्यात मासा कशाच्याही मागे धावत नाही. म्हणून बोट गोगलगायीने लाजावं इतकी हळू चालवायची आणि मागे नकली मासे ओढत राहायचं. गळाचा प्रत्येक तंगूस, म्हणजे दोरी, एकेका तरंगत्या फळीला अडकवलेला असतो. त्या फळ्या दोन्ही अंगांना लांब पसरतात, पंगतीत बसल्यासारख्या ओळीने चालतात. उन्हाळ्यात मासा लागला की फळी उडी मारते, आंधळ्यालाही कळावं. एप्रिलमध्ये तसं नाही. मासा गळ तोंडात घेतो आणि नुसता लोंबकळतो. फळी ओळीतून जराशी मागे पडते. तेवढंच. ते ज्याला दिसलं त्याला मासा.

आणि ते बघायचं काम इर्माचं. कॅप्टनने पुढे बघायचं, मदतनिसाने मागे. ज्याचा मदतनीस चांगला, तो कॅप्टन कधी मान वळवत नाही. पोर्ट क्लिंटनच्या धक्क्यावर, जिथे त्यांची बोट लागायची, हीच खरी ऐट. वेंडेल तर फुशारकीने सांगायचा, "मला मागे सरोवर आहे की नाही, तेही माहीत नाही. ते माझी बायको बघते."

एप्रिलमधल्या त्या शनिवारी गिऱ्हाईक होतं फिंडले गावचं, टायरच्या कारखान्यातले चौघं. त्यांचा म्होरक्या रॉय स्टर्गिल, दारातून आडवा शिरावा असा माणूस, नुकताच निवृत्त झालेला. त्याला पेंढा भरून भिंतीवर लावायला एक दांडगी मादी हवी होती.

"टीव्हीच्या वरची जागा मोकळी करून घेतलीय, मिसेस टी," बोटीवर पाय ठेवताच त्याने इर्माला सांगितलं.

"तिथे आधी काय होतं?"

"आमचा लग्नातला फोटो."

"आणि बायको कबूल झाली?"

"ती म्हणाली, माशाचं तोंड तुझ्यापेक्षा बरं दिसेल."

इर्मा हसली. असल्या माणसांसाठी तिला अजूनही काहीतरी वाटायचं. ती दिवसभर वाऱ्यात उभी राहायची ती याच्यासाठी, हे तिने स्वतःला कितीदा तरी सांगितलं होतं. हल्ली ते पटवून घ्यायला जास्त वेळ लागायचा.

बाहेर आले तर सरोवरावर जत्रा. मिशिगनपासून पेनसिल्व्हेनियापर्यंतच्या बोटी. आभाळ मळकट, वारा पूर्वेचा, आणि तो कपड्यांच्या किती थरांतून आत शिरतो याला काही हिशेब नाही. इर्माने एकेक तंगूस सोडला, एकेक फळी अडकवली, डाव्या अंगाला, उजव्या अंगाला. प्रत्येक वेळी हात खांद्याच्या वर न्यावा लागे आणि प्रत्येक वेळी ती दात आवळून घेई. सगळं लागल्यावर ती केबिनच्या भिंतीला टेकून उभी राहिली. तिची नेहमीची जागा. तिथल्या रंगावर तिच्या पाठीचा डाग पडला होता.

सकाळ बरी गेली. दोन मासे आले, मग आणखी एक, पण भिंतीच्या लायकीचा एकही नाही. मग जरा वेळाने वेंडेलने सुकाणूवरून हाक दिली, "इर्मा, डावीकडची मधली बघ गं जरा. काडीकचरा अडकलाय वाटतं."

इर्माने बघितलं. फळी तर तिला ओळीतच दिसत होती. तरी तिने त्या गळाची काठी उचलून रॉयच्या एका मित्राच्या हातात दिली. त्याने रीळ फिरवलं आणि ओरडलाच, "कचरा ओढ घेतोय!" चांगला भरलेला वॉलआय निघाला.

"वा रे कॅप्टन," रॉय म्हणाला, "तुमचा कचरा असा, तर मासा कसा असेल!"

सगळे हसले, इर्माही हसली. नशीब असतं कधी कधी, ती मनात म्हणाली.

दुपार होता होता वारा वाढला. चौघं केबिनमध्ये जाऊन बसले आणि तळलेल्या बोलोना सॉसेजची सँडविचं काढून खाऊ लागले. त्यांच्या गप्पांचा आवाज काचेतून यायचा. इर्मा एकटी मागे. फळ्यांवर नजर.

पुढे जे झालं ते तिने नंतर मनात पुष्कळदा उलगडून पाहिलं. ती झोपली नव्हती. डोळे उघडे होते. फळ्या समोर होत्या, केशरी, लाटांवर वरखाली होणाऱ्या. तिचं मन कुठे भटकतही नव्हतं. भटकलं असतं तर बरं झालं असतं, निदान कुठे गेलं होतं ते सांगता आलं असतं. ते नुसतं थांबलं होतं. किती वेळ, ते तिला कळलं नाही.

भानावर आली ती वेंडेलच्या शिव्यांनी. लाइल हॉफस्टेटरची बोट आडवी आली होती. लाइल त्यांचा धक्क्यावरचा शेजारी, जिवाला जीव देणारा, पण पाण्यावर त्याला उजवं-डावं कळत नाही. "अरे ए लाइल! हे काय तुझ्या बापाचं अंगण आहे का?" वेंडेल रेडिओत ओरडत होता. पलीकडून लाइलचा घोगरा आवाज, "तू जरा बाजूला हो की, म्हाताऱ्या! मी गळ सोडलेत!" वेंडेलने सुकाणू घुमवलं, बोट वळली, आणि डाव्या अंगाच्या सगळ्या फळ्या एकमेकींवर चढल्या. तंगुसाचा नुसता गुंता.

इर्माने तो गुंता हाताने ओढून वर घेतला. जड होता. तिला वाटलं, फळ्यांचंच वजन. मग शेवटच्या तंगुसाला लागलेली मादी दिसली. पांढुरकी, तोंड वासलेली, पाण्याने फुगलेली. कल्ले उघडले तर रक्ताचा मागमूस नाही, धुऊन काढलेल्या फडक्यासारखे फिके. किती वेळ ती अशी मागून ओढली जात होती कोण जाणे. आणि आकार? एवढी मादी इर्मा टी.वर त्या वसंतात आली नव्हती. मागच्याही वसंतात नाही.

रॉय सँडविच हातात धरून बाहेर आला. "ही... ही कुठून आली?"

"लागली होती," इर्मा म्हणाली. "मला दिसली नाही."

"नाही नाही, माझी चूक," वेंडेलने तिकडून लगेच सांगितलं. "मी वळलो ना एकदम, त्यात सगळं झालं."

वळण्याने कल्ले पांढरे होत नाहीत, हे धक्क्यावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. रॉयने मासा दोन्ही हातांनी उचलून पाहिला, पोटावरून अंगठा फिरवला. गाबोळीने पोट टरटरून फुगलं होतं.

"घेऊन जा की," त्याचा मित्र म्हणाला. "भिंतीवर लाव. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना," रॉय म्हणाला. "पकडली कशी, असं नातवंडांनी विचारलं तर काय सांगू? मी आत बसून सँडविच खात होतो आणि ही बाहेर बुडून मेली, असं?" त्याने ती हळूच बर्फाच्या पेटीत ठेवली. त्याचा आवाज चढला नव्हता, तो इर्मावर चिडलाही नव्हता. तो चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

त्यानंतर मासे लागले, पण रॉयने काठी हातात घेतली नाही. मित्रांना देत राहिला.

आता इथला एक प्रकार सांगायला हवा. मासा लागलेला असताना कुणाला न कळता ओढत नेला, तर त्याला धक्क्यावर 'कुत्रा फिरवला' म्हणतात. ज्या बोटीने कुत्रा फिरवला ती परत आली की सगळा धक्का तिच्यावर भुंकतो. कॅप्टन भुंकतात, मासे साफ करणारे सुरी खाली ठेवून भुंकतात, पेट्रोल भरणारा भुंकतो. आणि कुठल्या तरी जुन्या कुत्र्याचा एक लाल पट्टा आहे. ज्या मदतनिसाची नजर चुकली त्याने तो स्वतःच्या हाताने आपल्या बोटीच्या कठड्याला बांधायचा, आणि दुसरं कुणी चुकेपर्यंत तो तिथेच मिरवायचा. मागच्या पानगळीपासून तो लाइलच्या बोटीवर होता, कारण लाइलचा जावई मदतनीस आणि त्याची नजर सदा मोबाइलवर. इर्मा टी.वर तो पट्टा आजवर कधी आला नव्हता. वेंडेल हे सांगायला कधी चुकायचा नाही.

लाइलने तो गुंता वर येताना बघितलाच होता. बोट खाडीत शिरली तेव्हा बातमी आधी पोचलेली. "भू! भू! भू!" सगळा धक्का दणाणला. रॉयचे मित्र चक्रावले आणि मग प्रकार समजल्यावर तेही हसायला लागले. वेंडेल हात उंचावून उलटा भुंकला, "भुंका लेको, तुमच्या बायका घरी हेच ऐकतात!"

लाइल पट्टा गरगर फिरवत आला. "किती लांब नेलंस रे कुत्र्याला? कॅनडापर्यंत?"

"दे इकडे," वेंडेलने हात पुढे केला. "घोळ माझा आहे."

"तुझा कसा? तू तर मागे बघतच नाहीस," लाइल म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याची नजर इर्मावर गेली. त्याचं हसू तिथल्या तिथे ओसरलं. "राहू दे रे. उगाच चेष्टा. वारा केवढा होता आज."

"नियम म्हणजे नियम," इर्मा म्हणाली. "फळ्या मी बघत होते." तिने त्याच्या हातातून पट्टा घेतला आणि कठड्याला बांधला. भेगाळलेल्या बोटांनी गाठ बसेना, दोनदा सुटली. तोवर भुंकणं थांबलं होतं. कुणीतरी खोकलं, कुणीतरी पाण्याचा नळ सोडला. एवढी वर्षं जिच्यावर भुंकायची संधी मिळाली नाही, तिच्यावर भुंकायला कुणाला जमेना. इर्माला तेच जास्त लागलं. भुंकत राहिले असते तर ती त्यांच्यातलीच राहिली असती.

मासे साफ होऊन पिशव्यांत भरले गेले. रॉय निरोप घ्यायला आला. त्याने तिचा हात आपल्या दोन्ही पंजांत धरला.

"मनाला लावून घेऊ नका, मिसेस टी. कॅप्टनचाच घोळ असणार. आज दिवसभर माणूस मागे वळून वळून बघत होता. मी मित्राला म्हटलंसुद्धा, हा गाडी अशी चालवत असेल तर आपण टॅक्सीने जाऊ."

"मागे बघत होता?"

"सारखा! मान दुखली असेल बिचाऱ्याची."

रॉय गेला. इर्मा बादली हातात घेऊन तशीच उभी राहिली. ज्या कॅप्टनला मागे सरोवर आहे की नाही हेही माहीत नसतं, तो दिवसभर मागे बघत होता.

दोघं ट्रकने घरी निघाले. वेंडेलने हीटर सुरू केला, बंद केला, पुन्हा सुरू केला. रस्त्याच्या कडेच्या पीचच्या बागांना अजून पालवी नव्हती.

"वेंडेल, तू मागे का बघत होतास?"

"कधी?"

"दिवसभर."

"मान आखडली होती. मोकळी करत होतो."

"सकाळी काडीकचरा नव्हता तो," इर्मा म्हणाली. "मासा लागलेला तुला दिसला होता. मला दिसला नव्हता."

पुढे एक ट्रॅक्टर चालला होता, त्याला ओलांडून जायला जागा होती तरी वेंडेल मागेच राहिला.

"आणि मागच्या मे महिन्यात? दर दोन दिवसांनी तुला काडीकचरा दिसायचा. दरवेळी मासा निघायचा. मी आपली म्हणायची, काय नशीब आहे आपलं!" ती त्याच्याकडे वळली. "कधीपासून चाललंय हे?"

"गेल्या वसंतापासून," तो म्हणाला. "त्याच्याही आधीपासून असेल थोडं थोडं. पहिल्यांदा वाटलं, तुझा चष्मा बदलायला झालाय."

"चष्म्याला काही झालेलं नाही."

"माहीत आहे मला. तू उभी असतेस गं, पण तिथे नसतेस."

शरमेने मान खाली जाईल असं तिला वाटलं होतं. पण शरम आलीच नाही. आला तो संताप, अगदी तळातून.

"म्हणजे तुला माहीत होतं! मी थकलेय, माझ्यात काही राहिलेलं नाही, हे तुला माहीत होतं. आणि रोज पहाटे तूच माझा खांदा हलवत होतास. इर्मा, वारा पडलाय, चल. इर्मा, पाणी निवळलंय, चल. तोच खांदा, वेंडेल! दुखरा!"

"तू उठत होतीस."

"तू उठवत होतास म्हणून!"

"आणि तू एकदाही नाही म्हणाली नाहीस," तो म्हणाला. "एकदाही नाही. मी वाट बघत होतो. तू म्हणशील तेव्हा म्हणशील, तोवर आपण चालवून घेऊ. मी थोडं मागे बघीन, म्हटलं. काय बिघडतंय?"

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून तिला आणखी राग आला. तिने हिवाळाभर जिभेवर ते वाक्य सांभाळलं होतं, याला दुखवायचं नाही म्हणून. आणि हा सगळं जाणून होता. दोघांनी मिळून एक थकलेली बाई तेवढी पाण्यावर ओढत नेली होती.

"तू का नाही म्हणालास? राहा घरी, एवढंच म्हणायचं होतं."

"मी म्हटलं असतं तर तू राहिली असतीस," तो म्हणाला. "मग मागून हाक कुणी मारली असती? मासा लागला, वेंडेल, हळू कर, असं कुणी म्हटलं असतं? कुणीतरी पोरगा ठेवला असता मी. त्याला काय, नोकरी." त्याने नाक ओढलं. "स्वार्थ होता माझा. दुसरं काही नाही."

इर्मा काचेतून बाहेर बघत राहिली. इतका सरळ बोललेला तो तिला आठवत नव्हता. तिला त्याची कीवही आली, पण आता कीव येऊन चालणार नव्हतं. कीव करता करताच तर इथवर आली होती.

"पुढच्या वसंतात मी बोटीवर येणार नाही," ती म्हणाली.

निघालं एकदाचं. आणि निघाल्याबरोबर तिच्या लक्षात आलं, की हे वाक्य शिळं झालंय. ते थँक्सगिव्हिंगचं होतं. आजचं दुसरंच होतं.

"नाही. पुढच्या वसंतात नाही. उद्यापासून."

"हंगाम आत्ता कुठे सुरू होतोय, इर्मा."

"मला दिसतंय."

"उद्याची माणसं येणारेत."

"येऊ देत. लाइलच्या जावयाला घे, नाहीतर आणखी कुणाला घे. त्याला बघायला शिकव. मला कुणी शिकवलं नव्हतं, मी शिकले."

"मग मीही सोडतो. विकून टाकू बोट."

"ते मी सांगितलेलं नाही," इर्मा म्हणाली. "माझ्या डोक्यावर तेवढं ठेवू नकोस. तुला चालवायची तर चालव. मी नसेन, एवढंच."

ट्रॅक्टर एका शेतात वळला. वेंडेलने गाडीचा वेग मात्र वाढवला नाही. घर आल्यावर तो आत आला नाही. गॅरेजमध्ये जाऊन काहीतरी खुडबुड करत बसला.

इर्माने बूट काढले. कालचं चिकन पाप्रिकाश चुलीवर मंद आचेवर ठेवलं, एक ताट झाकून ठेवलं, स्वतः दोन घास उभ्यानेच खाल्ले. मग खांद्याखाली गरम पिशवी घेऊन आतल्या खोलीत पलंगावर आडवी झाली. बाहेर अजून उजेड होता. एवढ्या उजेडात ती एप्रिलमध्ये कधी पलंगावर पडली नव्हती. हे वाक्य सुटलं की हलकं वाटेल, अशी तिची खात्री होती. हलकं वाटत नव्हतं. कुणीतरी आपल्यालाच धक्क्यावर उतरवून पुढे निघून गेलंय, असं वाटत होतं. आणि उतरलो तर आपणच होतो.

स्वयंपाकघरातला फोन वाजला. फोन घेणं तिचं काम. वेंडेलला फोनवर बोलता येत नाही, तो हॅलोच्या आधीच दमतो. कुठे यायचं, काय घालायचं, वारा सुटला तर काय, हे सगळं ती सांगायची. तिचे पाय सवयीने पलंगावरून खाली आले. मग तिने ते पुन्हा वर घेतले. फोन वाजत राहिला.

गॅरेजचं दार उघडलं. तिने पुसलेल्या फरशीवरून वेंडेलचे ओले बूट चालत गेले.

"ताकाच," तो म्हणाला. "हो... हो, मंगळवारी जागा आहे. असेल. आहे." थोडा वेळ तो ऐकत राहिला. "इर्मा? इर्माशी बोलायचंय?"

आतल्या खोलीत इर्मा छताकडे बघत पडली होती. आता हाक मारेल, तिला वाटलं. आता इर्मा, तुझा फोन, असं म्हणेल, आणि मी उठेन.

"नाही," वेंडेल म्हणाला. "ती आता बोटीवर नसते."

पलीकडचा माणूस काहीतरी बोलत होता, काळजीने विचारत असावा.

"नाही हो, आजारीबिजारी नाही," वेंडेल म्हणाला. त्याचा आवाज घसरला आणि त्याने तो सावरला. "दमली होती ती. बरीच वर्षं दमली होती."

हे त्याने तिला कधी म्हटलं नव्हतं. कुणा मंगळवारच्या गिऱ्हाइकाला म्हटलं. इर्माने उशीत तोंड खुपसलं, मग वर काढलं, आणि भिंतीपलीकडे ऐकू गेला तर जाऊ दे, म्हणून हुंदका दाबला नाही.